शेजारच्या सीटवरचं वजन

आमच्या धावपट्टीला डांबर नाही, नुसतं गवत. ते कापणं माझं काम. वाढलेलं गवत चाकं धरून ठेवतं, म्हणून एखादं विमान कुंपणात घुसलं, की चौकशीवाले साहेब आधी माझ्या यंत्राची पाती तपासायचे. अशी दोन-तीन विमानं घुसली. माणसांचं खरचटण्यावर निभावलं. सगळी पहिल्यांदाच एकटी उडणारी, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: विमान अचानक जड झालं.

आता गंमत बघा. शिकवणारा मास्तर उतरला, की विमान हलकं व्हायला हवं. आमचे मास्तर तर चांगले खात्यापित्या घरचे! साहेबांनी लिहिलं, ‘ओलं गवत’. म्हटलं, असेल बुवा.

त्या सकाळी पाळी माझ्या पुतणीची होती. गवत मी असं कापलं होतं, की न्हाव्यानं मान डोलवावी.

“काका, तोंड का पाडलंय? येणार आहे मी परत.”

“येशील गं. पण धावपट्टीच्या मध्यावर खुणेला ठेवलेल्या पांढऱ्या टायरपाशी चाकं उचलली नाहीत, तर इंजिन बंद. हट्ट नको.”

“हट्ट घराण्यातच आहे, त्याला मी काय करू?”

मास्तर उतरले, दार लावून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. तेवढ्यात विमान त्यांच्या रिकाम्या सीटच्या बाजूला किंचित कललं. पायरीवर कुणी पाय ठेवला की कलतं, तसं.

“वारा,” मास्तर म्हणाले.

गवताचं पातं हलत नव्हतं.

विमान धावलं. इंजिनाचा आवाज ठणठणीत. टायर मागे पडला. चाकं जमिनीवरच.

“बंद कर!” मास्तर वॉकीटॉकीवर ओरडले. पोरीनं ऐकलं नाही. आणि आता ऐकूनही कुंपण चुकणार नव्हतं.

मी वॉकीटॉकी हिसकावला. दारी आलेल्या पाहुण्याशी बोलतात, तसंच बोललो.

“अहो, लेकराला कशाला त्रास? उतरा. माझ्याकडे येऊन बसा. चहा टाकतो.”

विमान टुणकन उडालं. कुंपणाच्या काट्यांना चाकं घासली, एवढंच.

एक फेरी मारून पोरगी हसत उतरली. “काका, कुणाशी बोलत होतात?”

“इंजिनाशी.”

त्यानंतर एकही विमान कुंपणात गेलं नाही. साहेब म्हणतात, आता गवत छान कापता. मी मजेत आहे. संध्याकाळी दोन कप चहा टाकतो, बाहेर बसतो, थापा मारतो. ऐकणारा कधी मध्ये बोलत नाही.

समोरच्या खुर्चीचा वेत फार सैल झालाय. काल म्हटलं, विणायला टाकावी. उचलायला गेलो. पोरंसुद्धा एका हातानं नेतात ती खुर्ची.

दोन्ही हातांनी हलेना.

“राहू द्या,” मी म्हटलं, “बसा निवांत.”