सव्वीस डिग्रीचं घर

“आई, दार लाव ना. गारवा चाललाय सगळा.”

सकाळपासून चौथ्यांदा! नीरजाचं लाटणं पोळीवरच थांबलं...

केदारने, तिच्या इंजिनिअर लेकाने, कात्रजचा हा सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट दोन महिन्यांत पार पालटून टाकला होता. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग, खिडक्यांना दुहेरी काचा, फटींना रबर आणि गारवा हॉलबाहेर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराला नवंकोरं दार! गेल्या उन्हाळ्यात श्यामरावांना भोवळ आली होती, तेव्हा तीच लेकाला म्हणाली होती, माझं राहू दे रे, आधी ह्यांचं बघ. आणि त्या बहाद्दराने ते इतकं मनावर घेतलं, की एसीचा बाहेरचा डबा थेट स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत बसवला! हॉल सव्वीस डिग्रीवर गार व्हायचा आणि तिथला सगळा उकाडा खिडकीतून हिच्या अंगावर यायचा. खिडकी लावावी तर फोडणीचा धूर कोंडायचा, पंखा लावावा तर गॅस विझायचा... सांगायला जावं, तर बापलेक एका सुरात विचारायचे, घर किती गार झालंय बघितलंस का! आता ह्या माणसांपुढे बोलायचं तरी काय, कपाळ?

आज तर हे आदर्श घर बघायला केदारच्या ऑफिसातली चार माणसं जेवायला यायची होती.

नीरजाने लेकाला आत बोलावून लाटणं त्याच्या हातात दिलं. “उरलेल्या अठरा पोळ्या तू कर,” एवढंच म्हणाली, हॉलमध्ये आली आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. श्यामरावांनी पेपरातून डोकं वर काढून काय झालं म्हणून विचारलं. वाचा तुम्ही, असं तिने सांगितलं.

वीस मिनिटांनी केदार बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद, ताटलीत पाच पोळ्या, त्यातल्या दोन करपलेल्या.

“आई... हे असं रोज असतं?”

“छे रे. एकादशीला खिचडी असते.”

तेवढ्यात बेल वाजली, पाहुणे आले, गारव्याचं कौतुक करत सोफ्यावर टेकले. केदारने त्यांना काचा दाखवल्या नाहीत की रबर दाखवलं नाही.

“घर गार झालेलंच नाही,” तो म्हणाला. “उकाडा फक्त आईकडे ढकललाय मी. आधी स्वयंपाकघर बघा.”

श्यामराव उठले, बाह्या सरसावून उरलेल्या पोळ्या करायला आत निघाले. नीरजा धावली, अहो, तुमचं बीपी...

“माझं रोज मोजतेस,” ते दारातच थांबून म्हणाले. “तुझं तीस वर्षांत कुणी मोजलंय का गं?”

इतके दिवस त्या भट्टीत उभी राहूनही जिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती नीरजा चार परक्या माणसांसमोर सोफ्यावर बसून हमसून हमसून रडू लागली... आणि कुणीही तिला दार लावायला सांगितलं नाही.