बुजवलेली सात भोकं

केतकीला तीन दिवस एकच प्रश्न छळत होता : भिंतीमागचं पाणी गेलं कुठं?

घरामागे डोंगर होता. दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्याचा पायथा कापून खळं (कोकणातल्या घराचं अंगण) ऐसपैस केलं, आणि कापलेल्या जागी चिऱ्यांची उंच भिंत घातली. गवंड्याने तिला सात भोकं ठेवली होती. पावसाळ्यात त्यांतून लाल पाण्याच्या धारा लागायच्या आणि सगळं खळं चिखल व्हायचं. गेल्या गणपतीत तर भजनीबुवा पखवाजासकट घसरून पडले. गावभर हसू झालं. म्हणून यंदा चतुर्थीआधी बाबांनी सातही भोकं सिमेंटने बुजवली आणि वरून चुना मारला. खळं आरशासारखं लख्ख! बाबा खूश, बुवा त्याहून खूश.

पण पाऊस तर कोसळतच होता. मग ते पाणी?

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीच्या खोलीचं दार लागेना.

"लाकूड फुगला," बाबा म्हणाले.

केतकीने मान हलवली आणि खाली पाहिलं. जमिनीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. काल ती नव्हती. मागची पोफळही घराकडे वाकलेली दिसत होती. तिने डोक्यावर इरलं घेतलं आणि धावत कुर्लीला गाठून सगळं सांगितलं.

कुर्ली म्हणजे आठ पायांचा यंत्रमानव. डोंगर-निरीक्षण केंद्र दर पावसाळ्यात तो वाडीत आणून ठेवायचं. दिसायला अगदी खेकडा, म्हणून पोरांनी नाव ठेवलं कुर्ली.

"भोकं बुजवली?" कुर्लीचे सगळे पाय एकदम थांबले. "केतकी, सुपात वाळू घे. सूप थोडं तिरकं धर. घसरते?"

"नाही."

"थोडं पाणी शिंपड."

"आता तर घट्टच बसली!"

"आता ओतत राहा."

केतकी ओतत राहिली. वाळू क्षणभर थबकली आणि मग सगळीच्या सगळी तिच्या पायांवर आली.

"कण एकमेकांना घासून धरून ठेवतात. त्याला घर्षण म्हणतात," कुर्ली म्हणाली. "कणांमधल्या फटी पाण्याने तुडुंब भरल्या की पाणी कणांना रेटतं. तो छिद्रदाब (मातीच्या फटींतल्या पाण्याचा दाब). दाब वाढला की कणांची पकड सुटते. तुमची भोकं हा दाब बाहेर सोडत होती. पाणी कुठंही गेलेलं नाही, केतकी. ते भिंतीमागेच साठलंय."

केतकीने डोंगराकडे पाहिलं. "डोंगर कधी येईल?"

"ते मला सांगता येत नाही. कदाचित येणारही नाही. पण माझा कलमापक (उतार किती झुकला ते मोजणारं यंत्र) पहाटेपासून वाढता आकडा दाखवतोय."

दोघं घरी आली. बाबांनी ऐकलं आणि हसण्यावारी नेलं.

"गेल्या वर्षी पण ह्या खेकड्यान भोंगो वाजवल्यान. काय झाला? काय नाय!"

देवापुढे नारळांचा ढीग होता. केतकीने तळातला एक नारळ ओढला. वरचे सगळे गडगडत बाबांच्या पायांशी आले.

"बाबा, आपण डोंगराचा हाच नारळ काढलाय. पायथ्याचा."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पहार उचलली. "भोकां फोडतंय आत्ताच्या आत्ता."

कुर्ली दारात आडवी झाली. "आता त्या भिंतीपाशी कुणीही जायचं नाही. बाहेर पडा."

"आणि देव? पाच दिवसांचो गणपती आमचो. समई विझूक देयत नाय आमी. घर सोडून जावचा कसा?" बाबांनी विचारलं.

भिंतीकडून कट्कन आवाज आला. केतकीला रडू फुटलं. "बाबा, मला भीती वाटते! चला ना!"

तेव्हा माच्यावर बसलेले आजोबा उठले. "उत्तरपूजा कर. अक्षता घाल आणि देवाक हलव. देवाक हलवूची रीत आसा आपल्यात. डोंगराक थांबवूची रीत कोणाकडे आसा?"

बाबांनी अक्षता वाहिल्या. मग वरात निघाली : बाबांच्या डोक्यावर गणपती, आईच्या कडेवर धाकटा भाऊ, आजोबांच्या हाती केतकीचा हात आणि मागे छत्रीखाली पेटती समई सांभाळत कुर्ली. ना ताशा, ना गुलाल. शाळा सड्याच्या (कातळाच्या सपाट पठाराच्या) मधोमध होती. तिथे पोचून गणपती बाकावर टेकवला आणि दहा मिनिटांत खालून घरघर ऐकू आली. पाऊस तसाच पडत होता, पण तो आवाज पावसाचा नव्हता.

सगळे सड्याच्या कडेपासून बरेच अलीकडे थांबून बघत राहिले. खळं नव्हतं. मागचं अर्धं घर लाल चिखलाखाली गेलं होतं. गणपतीची खोली त्याच अर्ध्यात होती.

"माज्या हातान बुजवलंय मिया," बाबा पुटपुटले आणि मटकन खाली बसले. केतकी त्यांना घट्ट बिलगली.

कुर्लीने तो सबंध पावसाळा उतारांचा नकाशा केला. कुठे घर बांधायचंच नाही, कुठे पायथा कापायचा नाही, कुठे खोल मुळांची झाडं लावायची, सगळं त्यात होतं. पुढच्या वर्षी वाडीतली तीन घरं डोंगराखालून उठून सपाटीवर आली. केतकीचं त्यांतलंच एक. नव्या खळ्याच्या कडेला कमरेएवढा बांध होता. त्याला भोकं किती ठेवायची ते केतकीने गवंड्याला सांगितलं होतं, आणि पावसाळ्यात ती रोज शाळेत जाण्याआधी भोकं तपासायची.

चतुर्थीला भजन ऐन रंगात असताना भोकांतून लाल पाणी आलं आणि नव्या खळ्यावरून थेट बुवांच्या चटईपर्यंत पोचलं. बुवांनी पखवाज उचलला आणि बाबांकडे पाहिलं.

"येवंदे," बाबा म्हणाले. "तुमी थोडे सरकान बसा."