चैत्रात अडलेलं दार

धर्मा सुतार खुर्चीत बसलाच नाही. दोन्ही हात मागे बांधून भिंतीपाशी उभा राहिला.

"ताई, माझ्यावर चोरीचा आळ हाय. पंधरा दिवस झाले, नागावात कुनी काम देत न्हाय. ठमाबाईनं तर माझं तोंड बघायचं सोडलं."

अलिबागला कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर अमिषा म्हात्रेचं ऑफिस होतं. खाजगी तपासाची कामं ती एकटीच घ्यायची. सोबतीला सदाकाका असायचे, कोर्टातून निवृत्त झालेले बेलिफ.

"काय चोरलं म्हणतात?" अमिषानं विचारलं.

"एक लिफाफा."

धर्मानं सगळं सांगितलं. नागावला गोखल्यांची नारळाची वाडी. मालक दादा गोखले गेल्या वैशाखात वारले. जाताना त्यांनी एक बंद लिफाफा आतल्या खोलीतल्या ट्रंकेत ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'वर्षश्राद्धाला उघडा.' वाडी राखणाऱ्या ठमाबाईला ते म्हणाले होते, तुझ्या खोपीचं लिहून ठेवलंय. ती तीस वर्षं त्या खोपीत राहत होती.

श्राद्ध जवळ आलं आणि खोलीचं दार उघडेना. धर्माला बोलावलं.

"मी म्हटलं, रंधा मारतो, निघंल. दादांचे चिरंजीव अजेयशेठ म्हनाले, नको, जुनं लाकूड हाय, चौकटीसकट उपटून टाक आन नवं बसव. पहार लावून काढलं. दाराबरोबर मीच आत पडलो. मग मालकीण गोदूकाकूंनी ट्रंक उघडली, तर लिफाफा न्हाय!"

"म्हणजे आत पहिला तू गेलास," सदाकाका म्हणाले. "अवघड आहे रे बाबा."

अमिषा मात्र दुसऱ्याच विचारात होती. "दार अडलं कधी?"

"पाडव्यानंतर, असं काकू म्हनतात."

"चैत्रात?"

"व्हय."

अमिषानं चपला पायात सरकवल्या. "चला काका. दार बघायचंय."

"नवं बसवलंय ना आता?"

"जुनं बघायचंय."

नागावला पोचले तेव्हा गोदूकाकू ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. दादांच्या पत्नी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"आतल्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते," त्या म्हणाल्या. "दुसरी नाहीच. पाडव्याला गुढीचं वस्त्र काढलं तेव्हा दार सुरळीत होतं, लिफाफाही होता. मग मी लेकीकडे श्रीवर्धनला गेले, चार दिवस. परत आले तर कुलूप उघडलं, पण दार तसूभर हलेना."

"कुलूप जसंच्या तसं होतं?"

"अगदी. मीच लावलेलं."

"पावसाळ्यात अडायचं का?"

"चाळीस वर्षांत कधी नाही."

सदाकाकांनी वहीत लिहून घेतलं. का लिहितोय ते त्यांना कळलं नव्हतं.

ओटीच्या दुसऱ्या टोकाला विनेश होता. समुद्रावर पर्यटकांना बोटीतून फिरवायचा, आणि ओटीचा कोपरा त्यानं सामानासाठी घेतला होता. लाइफ जॅकेटं एका जाड फळीवर रचलेली होती. शेजारी स्टीलच्या स्क्रूंचा उघडा डबा.

"खोपीची जागा तुला हवी होती, असं धर्मा म्हणत होता?" अमिषानं थेट विचारलं.

"हवी होती. बोटी ठेवायला," विनेश हसला. "पण ठमाबाई उठवून नको. मी दुसरीकडे बघतोय."

"ही फळी कुठली?"

"तेच जुनं दार. अजेयदादा बंबात घालायला निघाले होते. म्हटलं, सागवान आहे, जाळता कशाला? मी उचलून आणलं."

अमिषानं जॅकेटं बाजूला करायला लावली. दाराला बाहेरच्या अंगानं दोन लांब पट्टीच्या बिजागऱ्या अजून लटकत होत्या. दारावर हिरवा रंग होता. प्रत्येक पट्टीच्या खाली मात्र बोटभर रुंदीची, बिनरंगाच्या लाकडाची रेघ दिसत होती. पट्ट्या गंजून लाल झाल्या होत्या. दारात बसवलेले स्क्रू चकचकीत होते.

"काका, काय दिसतंय?"

"दार," सदाकाका म्हणाले.

अजेय गोखले वाडीतून आला. पस्तिशीचा, दमलेला. घरात पर्यटकांना ठेवायचा धंदा त्यानंच सुरू केला होता.

"धर्मानं कोणाच्या सांगण्यावरून केलं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "आणि खरं सांगू, एवढं रान उठवण्यासारखं त्यात काही नाही. घरच्या घरी लिहिलेल्या दोन पानांनी कोणी जागेचा मालक होत नाही."

"बरोबर आहे," अमिषा शांतपणे म्हणाली. "आई लेकीकडे होत्या तेव्हा घरी कोण होतं?"

"मी. विनेश दिवसा येऊन-जाऊन."

"ठमाबाईंना बोलवाल का? आणि धर्मालाही. सगळ्यांसमोर बोलते."

थोड्या वेळानं सगळे ओटीवर जमले. ठमाबाई खांबाला टेकून बसली. धर्मा पायरीवरच थांबला.

"आपण सगळे एका चुकीच्या दिवसाकडे बघत होतो," अमिषानं सुरुवात केली. "लिफाफा नाही हे दार निघालं त्या दिवशी कळलं. गेला मात्र महिनाभर आधी, काकू श्रीवर्धनला होत्या तेव्हा."

"पण कुलूप होतं की," सदाकाका म्हणाले.

"कुलूप एका कडेला असतं काका. दुसऱ्या कडेला बिजागऱ्या. त्या बाहेरून होत्या. दारातले स्क्रू काढले की दार कुलपाच्या बाजूनं तसंच राहतं आणि बिजागरीकडून उघडतं. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला हा खटाटोप करावा लागत नाही. म्हणजे काकू नाहीत."

"मग अडलं कशानं?" गोदूकाकूंनी विचारलं.

"लाकूड फुगतं पावसात. चैत्राच्या उन्हात ते आकसतं. हे दार फुगलं नव्हतं, खाली उतरलं होतं. परत लावताना पट्ट्या जुन्या जागेवर बसल्या नाहीत, बोटभर वर बसल्या. म्हणून त्यांच्याखाली बिनरंगाची रेघ दिसते. दार तेवढंच खाली आलं आणि उंबरठ्यावर रुतलं. धर्मा, तू असं बसवलं असतंस?"

"शिकाऊ असतानाबी न्हाय," धर्मा म्हणाला.

"जुने स्क्रू गंजलेले, काढताना मोडले असणार. या हवेत लोखंड महिन्यात लाल होतं, म्हणून हे स्टीलचे नजरेत भरले. ते विनेशच्या डब्यातले."

सगळ्यांच्या माना विनेशकडे वळल्या.

"डबा उघडाच असतो, कोणीही घ्यावेत," अमिषा म्हणाली. "विनेशनं हे केलं असतं तर पुरावा बंबातून वाचवून ओटीवर मांडला नसता. रंधा नको, चौकटीसकट उपट, मग जाळून टाक, असं म्हणणारा माणूस एकच होता."

अजेयनं नजर वाडीकडे वळवली.

"तरी मी थांबले होते. लाकूड जुनं झालं म्हणून कोणीही नवं दार बसवील. पण मघाशी तुम्ही म्हणालात, दोन पानं. लिफाफा बंद होता, अजेयदादा. आत किती पानं आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं."

गोदूकाकूंनी अडकित्ता खाली ठेवला.

अजेय उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लिफाफा होता. कड व्यवस्थित कापलेली.

"तिथे चार खोल्या बांधायच्या होत्या," तो आईकडे न बघता म्हणाला. "काय लिहिलंय ते आधी बघावं, एवढंच मनात होतं. वाचलं, आणि परत ठेवता आलं नाही. फाडताही आलं नाही."

"साक्षीदारांच्या सह्या नसलेला कागद," सदाकाका डोकावून पुटपुटले. "श्राद्धाला उघडला असता तरी कोर्टात टिकला नसता. लपवलात कशाला?"

अजेयनं कागद आईपुढे धरला. "वाच. शेवटची ओळ."

गोदूकाकूंनी चष्मा चढवला. त्यांना एकेक शब्द लावायला वेळ लागला.

"'खोप आणि भोवतालचे दोन गुंठे ठमाबाईचे. रीतसर करायला मला वेळ मिळाला नाही. हे अजेयला आवडणार नाही, पण तो करील. माझी खात्री आहे.'"

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. मग ती पायरीकडे वळली. "धर्मा, मी तुला नको ते बोलले रे."

"तुमची काय चूक," धर्मा म्हणाला.

अजेय पायऱ्या उतरून धर्मासमोर उभा राहिला. माफी मागायला त्याला दोनदा सुरुवात करावी लागली. धर्मा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे गावासमोर बोला शेठ. आळ गावासमोर घेतला व्हता."

"बोलतो," अजेय म्हणाला. मग सदाकाकांकडे वळला. "काका, बक्षीसपत्र नोंदवायला कुठे जावं लागतं?"

"अलिबागलाच. उद्या सकाळी या," सदाकाका म्हणाले. "ठमाबाईंना घेऊन."