सोडा, मामा

ज्याला हे खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. माझा सख्खा भाऊ गेलाय यात, आणि त्याच्या नावाने गोष्टी रचायची मला हौस नाही.

बीडजवळ, पालीच्या पुढे, डोंगराच्या कडेला एक खडी क्रशर आहे. नाव सांगत नाही. मी तिथे लोडर चालवायचो. मोठा भाऊ सोमनाथ, माझा दादा, पट्ट्यावर होता. आणि आमचे सख्खे मामा, गहिनीनाथ मामा, पॅनेलवर. पॅनेल म्हणजे पत्र्याच्या खोलीतली बटणं.

मागच्या वर्षीचा वैशाख.

रात्रबित्र काही नाही. टळटळीत दुपार.

पट्टा म्हणजे काय ते आधी सांगतो. खडी वर नेऊन ढिगावर टाकणारा लांब रबरी पट्टा. हा टायरवरचा होता, ट्रॅक्टरला जोडून कुठेही नेता येईल असा. मालकाने तो घाटनांदूरकडच्या एका बंद पडलेल्या खाणीवरून जुनाच उचलून आणला होता.

पॅनेलच्या खोलीतून पट्ट्याचं खालचं टोक दिसत नाही. मध्ये खडीचा ढीग येतो. म्हणून सुरू करायच्या आधी मामा ओरडून विचारणार, "सोडू का?" दादा खालचं सगळं साफ करून बाजूला होणार आणि म्हणणार, "सोडा, मामा!"

मग बटण.

हा शब्द ऐकल्याशिवाय मामांनी आयुष्यात कधी बटण दाबलं नाही.

पट्टा येऊन आठवडा झाला असेल. जेवणाची सुट्टी होती. बाकीची माणसं ट्रकांबरोबर गेली होती. आम्ही तिघंच लिंबाखाली बसलेलो. मशिनी बंद.

"मामा, भाकर खाताय का खडी? लई आवाज येतोय," दादा म्हणाला. मामांनी त्याच्याकडे कांदा भिरकावला. आम्ही हसलो.

आणि तेवढ्यात...

"सोड..."

पट्ट्याच्या खालच्या टोकाकडून. अगदी हळू.

मामा तडक उठले. "कोन हाय बे तिकडं? मला आरंतुरं करतोय!"



मी जाऊन बघून आलो. कोणी नव्हतं. खाली पिठासारखी धूळ होती आणि तिच्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. परत येताना लक्षात आलं, इतका वेळ लिंबावर घुमणारी होल्यांची पाखरंसुद्धा गप्प झाली होती.

कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

काही दिवसांनी मामांनी नेहमीसारखं विचारलं, "सोडू का?"

लगेच उत्तर आलं. "सोड."

मी लोडरवर होतो. लोडरची सीट उंच, तिथून सगळं दिसतं. आणि मला दिसलं की दादा तर भलत्याच बाजूने येतोय, खांद्यावर पाण्याचा जार घेऊन...

मी जोरात हॉर्न दाबला. मामा बटण न दाबताच बाहेर आले. दादाला बघून जागीच थबकले.

"तू हितं हायेस, मग खालून कोन बोललं?"

"मी अजून गेलोच न्हाई तिकडं, मामा."

त्या दिवशी मामांनी पट्ट्याला नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. आणि दादाला समोर उभं करून सांगितलं, "आजपासून 'सोडा, मामा' आसं पुरं आलं तरच बटन. नुसतं 'सोड' आलं तर बरमदेव आला तरी दाबनार न्हाई."

दादाने मान हलवली. "मी कावून तुमाला सोड म्हनन, मामा?"

मालकाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, खडी कमी पडतेय तिकडं बघा, भुतं नंतर बघू.

नियम ठरला म्हणून आम्हाला धीर आला होता. खरंच आला होता.

मग तो दिवस आला.

जेवणं झाली. दादा खालच्या रोलरला चिकटलेला चुरा काढायला गेला. मी लोडर सुरू करून बसलो होतो.

पट्टा बंद होता. आईशपथ सांगतो... बंद होता.

दादा गुडघ्यावर बसला. हात आत घातला. खरवडायला लागला.

मग त्याने हात मागे ओढला.

हात आला नाही.

त्याने लोखंडाला पाय लावून ओढला. तरी नाही. पट्टा हलत नव्हता, रोलर फिरत नव्हता, आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत जात होता.

तो काहीतरी बोलत होता. आत बघून बोलत होता, समोर माणूस असल्यासारखा.

मी हॉर्न दाबला.

वाजला नाही. सकाळपर्यंत वाजत होता.

मी उडी मारली, ओरडत पळालो, "मामा, नगा! नगा दाबू!" पण लोडरच्या घरघरीत माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

आणि पट्टा सुरू झाला.

पुढचं मी सांगणार नाही.

गाडीत दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकदाच बोलला. "आतून हात धरलता रं कुनीतरी... त्याला म्हनलो, सोड... सोड..."

दवाखाना येईपर्यंत तो गेला होता.

मामा एकच सांगत राहिले. "त्याचाच आवाज व्हता रं. मी इचारलं, त्यो सोड म्हनला. त्याचाच आवाज व्हता."

आवाज घरचा होता म्हणून मामांचा हात बटणावर गेला. नियम नंतर आठवला. मी मामांना काय बोलणार? दोष तरी कुणाला देणार?

दहावा झाल्यावर कळलं, त्या जुन्या खाणीवरही या पट्ट्यात एक माणूस गेला होता.

मालकाने पट्टा विकला. न्यायला तानाजी नावाचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमी मारुतीचा दोरा बांधतो मशिनीला. काय व्हत न्हाई."

नेण्याआधी त्याने पट्टा चालवून बघायचं ठरवलं. मामा आपला डबा न्यायला आले होते, पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते.

तानाजीने सवयीने हाक दिली. "सोडू का?"

खाली कोणी नव्हतं. मी आत्ताच बघून आलो होतो.

"सोडा, मामा..."

दादाचा आवाज.

तानाजी हसला. "कोन हाय रं खाली? मामा म्हनतंय मला!" आणि मी त्याचा हात धरायच्या आत त्याने बटण दाबलं.

पट्टा रिकामा धावत राहिला. मामांनी कपाळ गुडघ्यांवर टेकलं. "मी कसा सोडू रं बाळा? कसा सोडू?"

तेव्हा मला कळलं. दादा पट्टा सुरू करायला सांगत नाहीये, सुटका मागतोय. आणि तो जेवढ्या वेळा मागेल, तेवढ्या वेळा माणसं बटण दाबणार.

आधीचा जो कोणी होता तो दादाचा हात धरून सुटला का?

मग दादा कुणाचा धरेल?

माझा भाऊ तसा नव्हता. मी स्वतःला हेच सांगत असतो.

मी नंतर तानाजीकडे जाऊन आलो. त्यानेही पट्टा पुढे विकलाय. आता कुठे आहे ते त्याला माहीत नाही. टायरवरचा आहे, कुठेही जाईल.

तुमच्याकडे असा जुना पट्टा आला असेल, आणि खाली कोणी नसताना 'सोडा, मामा' ऐकू आलं... तर पाया पडतो, बटण दाबू नका.

मामा अजून रोज दुपारी दारात बसतात आणि म्हणतात, "सोडलं रं, सोमनाथ. सोडलं."

त्याला ते ऐकू जात नाही. तुम्ही तेवढं सांगा.