दिगंबररावांचं केळं

दिगंबरराव कवठेकर सकाळी चहा झाला की टाळूपट्टी लावत. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ ती पट्टी टाळूला चिकटली, की प्रत्येक शब्दाला जीभ जिथं न्यायची तिथं हलकेच गुदगुल्या करी. ‘तण्णी’ म्हणजे पाणी, ‘वेणुमा’ म्हणजे हवं का. मिरजेच्या घरात सत्तरीचे गृहस्थ पहिलीतल्या पोरासारखे घोकत बसत.

कारण कामाक्षीबाईंची मराठी गेली होती. मेंदूतल्या रक्तस्रावानं ती पुसून टाकली; उरली फक्त कुंभकोणमच्या लहानपणीची तमिळ. नवऱ्याकडेही त्या परक्यासारख्या बघत, आणि ते दिगंबररावांना सोसवत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं एकच तमिळ शब्द उचलला होता, केळ्याचा, तोही धड नाही.

“आज बोला, काका,” वाचातज्ज्ञ निगारताई म्हणाल्या. “पट्टीत एका तमिळ शिक्षकाच्या जिभेची वळणं भरलीत. हळूहळू ती तुमच्या जिभेत मुरतील.”

गॅलरीत कोवळं ऊन होतं. दिगंबररावांनी केळं सोलून पुढे धरलं. “वाऴैप्पऴम् वेणुमा?” ‘ळ’सारखी जीभ वळली, पण कुठंच टेकली नाही. उच्चार अस्सल आला.

कामाक्षीबाई पाहुण्याकडे बघून हसावं तशा हसल्या. “नींग एंद ऊरु?”

तुम्ही कुठल्या गावचे! दिगंबररावांना रडू कोसळलं. त्यांनी नखानं पट्टी ओरबाडून काढली. “अगं, मी आहे! मी! वाळेपळम!”

कामाक्षीबाईंच्या कपाळावर आठी पडली. मग तोंडाला पदर लावून त्या खुदुखुदु हसू लागल्या. लग्नाच्या मांडवात याच शब्दाला अशाच हसल्या होत्या. “ऴ... ऴ...” त्यांनी बोट उगारून दटावलं, आणि केळं मोडून नेहमीसारखं अर्धं नवऱ्याच्या हातात ठेवलं.

त्यानंतर दिवसभर पट्टी हवीच असे, नाहीतर बायकोचं दुखणंखुपणं विचारणार कसं? फक्त केळ्याच्या वेळी दिगंबरराव ती काढून ठेवत. रोज चुकत, रोज ओळखले जात.

विसाव्या दिवशी त्यांनी पट्टी काढली, केळं सोललं, तोंड उघडलं. “वाऴैप्पऴम्.” चुकण्याचा पुन्हा प्रयत्न केला. जीभ आपसूक वळली आणि कुठंच टेकली नाही. कामाक्षीबाई अदबीनं सावरून बसल्या.

दिगंबररावांनी फोन लावला.

“निगारताई, चुकायला शिकवणारी पट्टी मिळते का हो?”