झाकण काढू नका

पहिल्याच भेटीत त्यानं माझा हात धरला, तोही माझ्याच स्वयंपाकघरात, मला न विचारता. वाचायला गोड वाटतं ना? मला तेव्हा त्याच्या डोक्यात झारा घालावासा वाटला होता.

सुट्टीत सगळा गोतावळा आमच्याकडे जमणार होता आणि बाबांनी अट घातली होती. वीस माणसांचं दिवसभराचं रांधणं एकटीनं निभावून दाखव, मग खालची रस्त्याकडची खोली तुझी, खुशाल खानावळ काढ. त्या खोलीसाठी मी वर्षभर बाबांच्या मागे भुणभुण लावली होती. त्यामुळे सकाळपासून ओढणी खोचून उभी होते. बटाट्याचे काप तळायला कढईत तेल तापत ठेवलं, आणि फाटकातून आईची हाक आली, मावशी आली, बाहेर ये.

आमच्याकडे पाहुण्यांना सामोरं जायला फाटकापर्यंत गेलं नाही, तर ते वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. तेल ठेवलंय, मी आतूनच ओरडले. दुसरी हाक आली. तिसरी बाबांची… फोटोसाठी सगळे खोळंबलेत म्हणे. मग गेले. एका मिनिटात येते म्हणून गेले, आणि मावशीनं गळ्यात हात टाकल्यावर एका मिनिटाचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

परतले तर स्वयंपाकघरभर धूर, आणि एक अनोळखी उंच तरुण माझ्या कढईवर मोठ्या पातेल्याचं झाकण दाबून उभा. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, पाण्याची बादली घेऊन धावत आले, तर त्यानं त्यांना कोपरानंच अडवलं. पेटत्या तेलावर पाणी टाकलं तर ते सगळीकडे उडतं, म्हणाला. गॅस त्यानं आधीच बंद केला होता. मला मात्र तेव्हा दिसत होते फक्त माझे काप आणि माझी खोली. मी झाकणाला हात घातला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"झाकण काढू नका."

"कढई माझी आहे."

"हो. पण तेल अजून तापलेलं आहे… हवा लागली तर पुन्हा पेटेल."

इतक्या शांतपणे बोलला की मला जास्तच राग आला.

मागाहून कळलं, हा मावसभावाचा मित्र. आमच्याच शहरात अग्निशमन दलात कामाला, रजेवरून परतताना मावशीच्या गाडीत बसलेला, आणि उतरताच धुराचा वास आला म्हणून सरळ आत धावलेला. वाटेत काका स्टीअरिंगवर पेंगायला लागले, तेव्हा यानं गाडी बाजूला घ्यायला लावली, किल्ली मागून घेतली आणि उरलेला रस्ता स्वतः गाडी चालवली. काका त्यावरून अजून फुगलेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला काकांबद्दल सहानुभूती वाटली. मनातल्या मनात मी त्या माणसाचं नाव ठेवलं, बंबवाला.

जेवताना बाबांनी सगळ्यांदेखत निकाल दिला. खानावळ विसर. आज घरची भिंत काळी झाली, उद्या एखादं गिऱ्हाईक भाजेल. वर बंबवाल्याकडे वळून म्हणाले, तुम्ही या कामातले, तुम्हीच सांगा हिला.

"चूक त्यांचीच आहे," तो म्हणाला. "तापतं तेल सोडून जायचं नसतं. जायचंच असेल तर गॅस बंद करून जायचं."

मी ताटावरून उठणारच होते.

"पण कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाला तीन-तीन हाका कुणी मारल्या?"

आई ताटाकडे बघत राहिली.

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण झाला संताप. दुपारी मी भिंतीवरची काजळी घासत होते, तर हा न सांगता दुसरा ब्रश घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"माझी बाजू घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

"बाजू कुठे घेतली? चूक तुमचीच म्हणालो की."

"तेही सांगायची गरज नव्हती."

"मग काय सांगू? कढई आपली आपण पेटली?"

मला हसू आलं… मी ते दाबलं. तेवढ्यात त्यानं बाही वर सारली आणि मनगटाजवळ टरारलेला फोड दिसला. सकाळपासूनचा! जगाला शहाणपण शिकवणारा हा माणूस स्वतःचा भाजलेला हात घेऊन तसाच हिंडत होता. मी भडकलेच. त्याला खुर्चीत बसवलं, मलम आणलं, आणि लावताना तोंडाचा पट्टा सोडला. तो मुकाट ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. बघतच होता… हळूहळू माझेच शब्द अडायला लागले.

"थांबलात का? बोला ना," तो म्हणाला. "तुम्ही बोलत होता तोवर दुखत नव्हतं."

तो मला आवडला होता. त्याचाही मला रागच आला.

संध्याकाळी मी पुन्हा तेल ठेवलं. अंगणातून हाक आली, फोटो राहिलाय, ये लवकर. गॅस चालू आहे, येणार नाही, मी सांगितलं. पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. फोटो माझ्याशिवायच निघाला. आई तोंड पाडून आत आली, जराशी उभी राहिली, मग स्वतःच दारात जाऊन म्हणाली की काप खायचे असतील तर हिला कुणी हाक मारायची नाही. वीसच्या वीस माणसं पोटभर जेवली.

तेव्हा कुठे बाबा पाघळले, पण आपल्या पद्धतीनं. खोली देतो, म्हणाले, मात्र या मुलानं रोज येऊन हिच्यावर लक्ष ठेवायचं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"सकाळी तेल सोडून गेले, ते चुकलंच माझं. पण संध्याकाळी नाही गेले, ते कुणी लक्ष ठेवलं म्हणून नव्हे, बाबा. पहारेकऱ्यासकट मिळणार असेल तर ती खोली नको मला."

ती खोली मला किती हवी होती, ते माझं मलाच ठाऊक.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "पहारा द्यायला मी येणार नाही," तो म्हणाला. "त्यांना त्याची गरज नाही."

मग बाबा मावसभावाला म्हणाले, उद्या जाण्याआधी खालच्या खोलीतलं सामान बाहेर काढायला हात लाव. म्हणजे मी जिंकले होते. आणि दारात बूट चढवणाऱ्या त्या माणसाकडे बघून मला रडू येत होतं. मी त्याला फाटकाशी गाठलंच.

"येणार नाही म्हणालात."

"पहारा द्यायला, म्हणालो."

"मग कशाला येणार?"

"जेवायला. रोज. आणि एकदा… आईला घेऊन. तुझ्या बाबांशी बोलायला."

"आधी मला विचारायचं नाही का?"

"तेच विचारतोय. आणू?"

मी डोळे वटारायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"आईंना नंतर आण," मी म्हणाले. "आधी थोडे दिवस… एकटाच ये."