चौकीदाराला न सापडलेला ताप

आमच्या पाळणाघराच्या दारात चौकीदार नावाचा रोबो असतो. रोज सकाळी तो प्रत्येक मुलाचं कपाळ तपासतो. ताप असला तर दार उघडत नाही. फ्लूची साथ आली त्या आठवड्यात एकही तापलेलं मूल आत गेलं नाही, असं त्याची नोंद सांगत होती. तरी पाच दिवसांत चौदापैकी अकरा मुलांना फ्लू झाला आणि पाच महिन्यांची रेवा इस्पितळात प्राणवायूवर गेली.

मग फ्लू आत शिरला कसा? मोठी माणसं डोकं खाजवत बसली. मला उत्तर माहीत होतं, आणि मी तीन दिवस मूग गिळून गप्प होते. शेवटी शाळा सुटल्यावर चौकीदाराला गाठलं.

“सोमवारी माझ्या भावाला, कियानला, ताप होता. आईने निघताना औषध पाजलं.”

“म्हणून माझ्याकडे येईपर्यंत त्याचं अंग निवलं,” चौकीदार म्हणाला. “शाल्मली, ताप म्हणजे फ्लू नव्हे. शरीर विषाणूंशी (पेशींत शिरून वाढणाऱ्या अतिसूक्ष्म रोगजंतूंशी) लढतंय, याची ती खूण. औषधाने खूण गेली, विषाणू राहिले. कियान खोकला, की ते तुषारांतून (थुंकीच्या बारीक थेंबांतून) हवेत आणि खेळण्यांवर गेले. इथे तर प्रत्येक खेळणं तोंडात जातं.”

“रेवाला लस दिली नव्हती?”

“फ्लूची लस बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरच देतात. तोवर तिला सांभाळायचं आपण. लस घ्यायची, हात धुवायचे, आजारी असलो तर घरी राहायचं.”

घरी जाऊन मी आईला तोडून बोलले.

“रजा मागितली की साहेब म्हणतात, कायमचीच घ्या,” ती म्हणाली. “काय करू मी?”

माझा राग मात्र गेला नाही.

रेवा वाचली. महिन्याभराने कियान पुन्हा तापला आणि आईने पुन्हा औषधाची बाटली काढली. दारात चौकीदाराने कपाळ तपासलं आणि मी त्याला सगळं सांगितल्यापासून सुरू झालेला नवा प्रश्न विचारला, “कालपासून तापाचं औषध दिलंय?”

मागे रांग होती. आईने घड्याळाकडे पाहिलं.

“दिलंय,” ती म्हणाली.

दार उघडलं नाही. आईने तिथेच साहेबांना फोन लावून खरं कारण सांगितलं. पलीकडचा चढलेला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तेवढ्यात आमच्या मागे उभे असलेले, पाळणाघरातल्याच ओजसचे बाबा रांगेतून हळूच बाहेर पडले आणि त्याला कडेवर घेऊन घराकडे वळले.